सात वाजताची फाइल

इमारतीचे मीटर बदलायला माणसं आली म्हणून रविवारी सकाळी तासभर लाइट गेली होती. ती परत आल्यावर अनुजाने कॉम्प्युटर लावला, आणि तो उठेना. पडदा उजळला, काळ्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकत गेल्या आणि मध्येच तटल्या. डिस्कवर जागा उरलेली नाही, असं शेवटच्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं. तिच्याखाली एक बारीक आडवी रेघ लुकलुकत होती. अनुजाने मशीन बंद केलं, दहापर्यंत आकडे मोजून पुन्हा लावलं. पुन्हा त्याच ओळी, पुन्हा तिथेच तटणं. खिडकीपाशी तिचा नवरा देवदत्त वर्तमानपत्राची घडी घालत बसला होता. घडीची घडी, तिची पुन्हा घडी, आणि कागद वाकेनासा झाला की सगळं उलगडून परत पहिल्यापासून. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याच्या विसरण्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. आता तो नाव विसरला होता, डॉक्टर विसरला होता, आणि अधूनमधून तिलाही.

काळ्या पडद्याला घाबरणाऱ्यांतली अनुजा नव्हती. चौतीस वर्षं तिने एका बँकेच्या संगणक विभागात काढली होती. फोर्टातल्या त्या चौथ्या मजल्यावर माउस नावाची वस्तू यायच्या आधीपासून ती असल्या पडद्यासमोर बसत आली होती. मशीनरूम इतकी थंड असे की मे महिन्यातसुद्धा खांद्यावर शाल लागायची. तिथे तिला कुणी चहा टाक म्हणत नसे, कुणी पाहुण्यांसमोर बोलावत नसे. एक प्रश्न विचारायचा, एक उत्तर यायचं, आणि उत्तर चुकलं तर चूक आपली आहे हे स्वच्छ कळायचं. गिरगावातल्या भरल्या घरातून निघून त्या गारठ्यात शिरलं की तिला श्वास मोकळा झाल्यासारखा वाटे. संध्याकाळी देवदत्त खाली उभा असे, काखेत ड्रॉइंग पेपरची गुंडाळी घेऊन. एकदा वाट बघताना त्याने समोरच्या इमारतीचं छज्जांसकट चित्र काढलं होतं, पट्टी न लावता. तिने खरोखरीची पट्टी आणून लावून पाहिली होती, आणि एकही रेघ हललेली नव्हती. त्याचा हात तिने पहिल्यांदा धरला तो त्या दिवशी, पट्टी बाजूला ठेवून.

मशीन सरळ पुसून नव्याने भरावं, तर ते करता येत नव्हतं. त्यात देवदत्तची रेखाटनं होती. कला महाविद्यालयात शिकवताना तीस वर्षं त्याने भरलेल्या वह्या: रे रोडच्या लाकडाच्या वखारी, मच्छीमार नगरातल्या होड्या, दोऱ्यांवर वाळत टाकलेले बोंबील. निवृत्त झाल्यावर तिने एकेक पान स्कॅन केलं होतं, आणि पुढच्याच वर्षी वह्यांना वाळवी लागली. म्हणजे जे होतं ते आता या एका डिस्कवर होतं. बाकी जागा खाल्ली होती हॉलमधल्या कॅमेऱ्याने. हॉलमध्ये काही हललं की तो चित्रण करी, आवाजासकट, आणि प्रत्येक तासाची एक फाइल बनवी. सात दिवसांपूर्वीच्या फाइली आपोआप पुसल्या जाव्यात म्हणून अनुजाने स्वतः चार-पाच ओळी लिहून ठेवल्या होत्या. फेब्रुवारीत त्यातली पुसण्याची ओळ तिनेच बंद केली. पुरावा राहावा म्हणून. नंतर ती पुन्हा चालू करायचं राहून गेलं, आणि पाच आठवड्यांत डिस्क गच्च भरली. कारण सापडल्यावर तिला क्षणभर बरंच वाटलं. चूक आपली होती आणि स्वच्छ होती.

पुरावा राधाविरुद्धचा. राधा गमरे, आजारी माणसांकडे बाया पाठवणाऱ्या ब्युरोकडून आलेली, वरळीच्या बीडीडी चाळीतली बाई, चाळिशीची, कमी बोलणारी. सव्वा वर्ष ती सकाळी नऊ ते संध्याकाळी सात देवदत्तचं सगळं करत होती. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी आंघोळ घालायला नेताना तिनेच अनुजाला हाक मारली होती. "ताई, इकडे या जरा. सरांच्या हातावर हे बघा." उजव्या मनगटाच्या वर चार निळेजांभळे डाग, एकापुढे एक, आणि आतल्या बाजूला एक मोठा. देवदत्तला रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू होत्या, जरा धक्का लागला तरी त्याला डाग उठत. पण हे धक्क्याचे नव्हते, बोटांचे होते. खालच्या मजल्यावर राहणारी देवदत्तची मोठी बहीण बेबी तासाभरात वर आली. भावाचा हात मांडीवर घेऊन रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या, अनुजा. आपणच करायचं आणि आपणच दाखवायला आणायचं. त्यांच्यात असंच असतं." कुणाच्यात, ते वन्सं बोलल्या नाहीत, आणि अनुजाने विचारलं नाही. तिने फक्त राधाला सांगितलं, की कॅमेऱ्यात सगळं आहे. राधा टॉवेलची घडी घालत होती. "मग बघा ना, ताई," एवढंच म्हणाली.

आणि अनुजाने बघितलं होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, नऊ ते सात, एकही तास न गाळता. राधा भरवते, राधा तोंड पुसते, राधा त्याच्या समोर बसून भाजी निवडते आणि तो तिला कुठल्या तरी विद्यार्थिनीच्या नावाने हाक मारतो तेव्हा ओ देते. काही सापडलं नाही. "बाथरूममध्ये कुठे आहे कॅमेरा?" वन्सं म्हणाल्या. तेही खरं होतं. शुक्रवारी राधाला उद्यापासून येऊ नको सांगितलं, ब्युरोला फोन करून कारण कळवलं; सोमवारपासून त्यांनी दुसरी बाई पाठवली, रविवार सोडून रोज येणारी. नऊच्या आधीचं आणि सातच्या नंतरचं काही बघायचं असतं हे तेव्हा अनुजाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्या वेळात घरात दुसरं होतं कोण?

आता तिने मशीन पुन्हा लावलं, योग्य क्षणी कळ दाबून धरली आणि दुरुस्तीच्या दाराने आत शिरली. इथे चित्रं नसतात, खिडक्या नसतात, नुसती अक्षरं. आधी मशीन फक्त वाचू देत होतं, पुसू देत नव्हतं. एक आज्ञा देऊन तिने ते बंधन काढलं. मग जागा विचारली. शंभर टक्के भरलेली, शिल्लक शून्य. कॅमेऱ्याच्या फाइली तिने आकाराप्रमाणे मागितल्या, सर्वांत मोठी सर्वांत वर. बँकेतली सवयच होती ती. डिस्क भरली की आधी मोठ्यात मोठं काय ते बघायचं, एक घाव दोन तुकडे. यादी आली. फाइलीचं नाव म्हणजे तारीख आणि तास, एवढंच. सर्वांत वर होती दहा फेब्रुवारी, सकाळी सातची. खालच्या फाइलीच्या जवळजवळ तिप्पट.

तिने बोटं कळांवर ठेवली आणि ती तशीच राहिली. कॅमेरा हललं तेवढंच घेतो. म्हणजे फाइल जितकी मोठी तितकी त्या तासात हालचाल जास्त. दहा फेब्रुवारी मंगळवार होता. सकाळी सात म्हणजे राधा यायला दोन तास. तिच्या पाठीमागे कागदाची घडी करकरली, उलगडली. त्या सकाळचं तिला आठवत होतं, नाही असं नाही. पहाटेपासून तीन वेळा चादर बदलून झाली होती. गॅसवर दूध होतं. देवदत्त पायजम्यावर दाराशी उभा होता, कॉलेजला उशीर होतोय म्हणत, आणि कडी धरून होता. तिने त्याचा हात कडीवरून काढला. असंच तिला आठवत होतं, याच शब्दांत: हात काढला. दूध उतू गेलं. मग तिने ओटा पुसला. ओटा पुसल्याचं फार स्पष्ट आठवत होतं, साय जळल्याचा वाससुद्धा. हात काढायला किती वेळ लागला ते मात्र आठवत नव्हतं.

एक फाइल पुसली की मशीन उठण्यापुरती जागा सहज होत होती. कुणीही जाणकार माणूस हीच पुसेल; सर्वांत मोठी आहे, जुनी आहे, बिनकामाची आहे. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलांना तिने हेच शिकवलं होतं. आणि इथून पुसलेलं कचऱ्याच्या टोपलीत जात नाही, ते जातंच. तिने आज्ञेची दोन अक्षरं टंकली, पुढे जागा सोडली, फाइलीचं नाव टंकलं. फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं. तेव्हा तिला जाणवलं की आपला उजवा हात आपण डाव्या हाताने मनगटाच्या वर धरून ठेवला आहे. किती वेळ, कुणास ठाऊक. चार बोटं बाहेरून आणि अंगठा आत. तिने डावा हात उचलला. कातडीवर पांढरे ठसे उमटले होते, आणि तिच्या देखत ते हळूहळू भरून आले.

तिने ओळ खोडली. आज्ञा बदलून मार्चच्या सगळ्या फाइली पुसल्या. नंतर पुसण्याची ती बंद केलेली ओळ पाहिली, आणि तशीच राहू दिली, कारण ती चालू झाली असती तर दहा फेब्रुवारी आपोआप गेली असती. मशीन पुन्हा सुरू केलं. ओळी सरकल्या, तटल्या नाहीत, आणि पडद्यावर होड्यांचं चित्र आलं, देवदत्तचं, नेहमीसारखं. अकरा वाजता वन्सं वर आल्या आणि भावाजवळ बसल्या. अनुजाने कानाला हेडफोन लावून दहा फेब्रुवारी उघडली.

पडद्यावर गाऊन घातलेली, केस सुटलेली एक बाई होती. हॉलमध्ये येऊन ती दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला काही सांगत होती. आधी नीटच सांगत होती. मग कडीवरचा हात ओढत होती. हात निघत नव्हता, तेव्हा तिने दोन्ही हातांनी तो धरला आणि चादर पिळावी तसा पिळला. म्हातारा गुडघ्यांत वाकला. "अहो बाई," तो म्हणाला, अगदी सभ्यपणे, बसमध्ये एखाद्या अनोळखी बाईचा पायावर पाय पडल्यावर म्हणावं तसं, "लागतंय मला." बाईने सोडलं नाही. कडीवरून हात केव्हाच सुटला होता, तरी ती पिळत राहिली. "मर ना एकदाचा," ती म्हणाली. ओरडून नव्हे, दमलेल्या सपाट आवाजात. मग दूध उतू गेल्याचा चर्र आवाज आला आणि ती आत धावली. म्हातारा हात पोटाशी घेऊन जमिनीवर बसला. पुढे खूप वेळ तो येरझाऱ्या घालत होता, दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. फाइल मोठी झाली ती त्यामुळे. शेवटी बाई बाहेर आली आणि कंगवा घेऊन त्याचे केस विंचरू लागली. बाईच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हणजे लपवलेलंसुद्धा काही नव्हतं. अनुजाला भीती वाटली ती त्या चेहऱ्याची.

तिने हेडफोन काढले. वन्सं देवदत्तला संत्र्याच्या फोडी सोलून देत होत्या. "झालं का गं तुझं मशीन?" त्यांनी विचारलं. "झालं," अनुजा म्हणाली. "मी जरा बाहेर जाऊन येते. दोन तास बसाल ना?" "कुठे निघालीस उन्हाची?" अनुजाने चपला घातल्या; दार उघडताना तिला कडीला हात लावावा लागला.

टॅक्सी वरळीला पोचेपर्यंत काय बोलायचं ते तिने मनात तीन वेळा जुळवलं, आणि तिन्ही वेळा वाक्य 'माझ्याकडून' या शब्दाने सुरू झालं. माझ्याकडून झालं. जसं काही ते तिच्यातून वाहत वाहत दुसरीकडे कुठे गेलं. राधाची चाळ पाडली होती. तिला शेजारच्या नव्या टॉवरमध्ये घर मिळालं होतं, सतराव्या मजल्यावर. पत्ता विचारत विचारत अनुजा वर गेली. दार राधाने उघडलं. तिच्या हातांना पीठ होतं. दारात कोण आहे ते पाहून ती थोडी थांबली आणि बाजूला झाली. "या, ताई. बसा." खोलीत अजून रंगाचा वास होता. फळीवर बुद्धाची मूर्ती आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, दोन्हींना ताजे हार. पंखा नवा होता. राधाने पाणी आणून दिलं आणि समोर उभी राहिली.

"तू काही केलं नव्हतंस," अनुजा म्हणाली.

"माहीत आहे मला," राधा म्हणाली.

"मी केलं. मंगळवारी सकाळी. आज बघितलं."

राधाने पदराला हात पुसले आणि खाली बसली. "तेही माहीत होतं. मंगळवारी नऊला आले तेव्हा सर हात पोटाशी धरून बसले होते. तेव्हा वण उठले नव्हते. दुपारी आतल्या खोलीत झोपेत बोलले, बाई हात पिरगळते म्हणून. मी काय, आणि तुम्ही काय, घरात बाया दोनच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या घरात उभी राहून?" राधाचा आवाज चढला नाही. "दाखवलं ना मी तुम्हाला. मला वाटलं, बघतील आणि आपलं आपल्याला कळेल त्यांना. मला म्हणतील, राधा, नाही होत गं मला एकटीला, सकाळची लवकर येत जा. मी आले असते सातला. चोरी पकडायला नव्हतं दाखवलं, ताई."

टॅक्सीत जुळवलेलं वाक्य आता अनुजाला तोंडात धरवेना. खालून मुलांच्या क्रिकेटचा आवाज इतक्या उंचावर बारीक होऊन येत होता. राधा सांगत होती ते तिला थोडं उशिरा उशिरा ऐकू येत होतं. शुक्रवारी निघताना बेबीताईंनी गेटवर वॉचमनला तिची पिशवी उघडायला लावली होती. डबा, छत्री, बदलायची साडी, सगळं बाकावर काढलं. तळमजल्यावरचे लोक बघत होते. ब्युरोने त्यानंतर एकही काम दिलं नाही; सध्या ती इथल्याच पोळीभाजीच्या दुकानात पोळ्या लाटत होती. "पिशवीचं लागलं मला," राधा म्हणाली. "कामाचं काय, काम मिळतं."

पिशवीचं अनुजाला माहीत नव्हतं. ती तेव्हा वर होती, आणि खिडकीतून खाली बघायचं टाळत होती. म्हणजे, काही तरी बघण्यासारखं होतं हे माहीत होतं. तिने पर्समधून फोन काढला आणि ब्युरोचा नंबर लावला. स्पीकर चालू केला. तिकडून संघमित्रा नावाची मुलगी बोलली, जिच्याशी फेब्रुवारीतही ती बोलली होती.

"राधाबाई गमरेंची तक्रार मी केली होती," अनुजा म्हणाली. "ती खोटी होती. मागे घ्यायची आहे."

"गैरसमज झाला असं लिहू का, मॅडम?"

किती सोपा शब्द होता तो. समोर धरलेला, घ्या म्हणणारा. राधा पंख्याकडे बघत होती.

"नाही. लिहा की माझ्या नवऱ्याचा हात मी पिरगळला होता. अनुजा देवदत्त अजिंक्य. मी. राधाबाईंनी तो मला दाखवला, आणि मी त्यांना काढलं. तसंच लिहा."

तिकडे कळांचा आवाज आला, थांबला. मग मुलगी जरा वेगळ्या स्वरात म्हणाली, "लिहिलं, मॅडम. राधाताईंना आम्ही उद्या फोन करू. पण मॅडम, तुमच्याकडे सध्या आमची प्रीती येते ना. तिला पाठवायचं का नाही, ते मला वरती विचारावं लागेल. उद्या तरी येणार नाही ती." "बरोबर आहे," अनुजा म्हणाली.

फोन ठेवल्यावर राधाने चहा टाकला नाही आणि अनुजालाही ते योग्य वाटलं. ती उठली तेव्हा राधाही उठली आणि दारापर्यंत आली. "सरांनी काही धरलं तर ओढायचं नाही," ती म्हणाली. "ओढलं की ते घट्ट धरतात. असं कोपराला खालून हात लावायचा, आणि चालायला लागायचं, जणू आपल्यालाच कुठे जायचंय." दाखवण्यासाठी तिने अनुजाचा कोपर खालून उचलला. पीठ लागलेला तळवा, नुसता टेकलेला, पकड नाहीच. अनुजाचे पाय आपसूक एक पाऊल पुढे सरकले. "असं," म्हणून राधाने हात काढून घेतला. येऊ का परत, असं ती म्हणाली नाही. येतेस का परत, असं अनुजाने विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण कुठे ठेवून आलो ते तिला आता ठाऊक होतं.

ती घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. देवदत्त आरामखुर्चीत झोपला होता, तोंड किंचित उघडं. वन्सं त्याच्या पायाशी बसून जपमाळ ओढत होत्या. अनुजाने पर्स खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पहाटेच्या चादरी, कडी, दूध यातलं काही सांगितलं नाही, कारण ते सांगितलं की ऐकणाऱ्याला दया येते. कडीवरून सुटलेला हात ती पिळत राहिली तेवढं सांगितलं, आणि आपण काय बोललो ते. उद्या नवी बाई येणार नाही, हेही सांगितलं. वन्संच्या हातातली माळ थांबली.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "ऐकेल तो."

"त्याने तेव्हाच ऐकलंय, वन्सं."

सत्तर वर्षांची ती बाई भावाच्या हाताकडे बघत राहिली. डाग कधीच गेले होते. मग तिने अनुजाकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश, चाळीस वर्षांपूर्वी मुलगी बघायला आली होती तेव्हा पाहिलं होतं तसं. "आणि त्या राधाची पिशवी," अनुजा म्हणाली, "ती तुम्ही उघडायला लावलीत. तिच्याकडे तुम्हालाही जावं लागेल." वन्संनी माळ डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दाराशी जाऊन थांबल्या.

"उद्या ती नवी बाई येणार नाही म्हणतेस."

"नाही."

"मग सकाळी सातला मी वर येते. रोज येत जाईन."

त्या हाताशी येणार होत्या की पहाऱ्याला, ते अनुजाला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. बहुधा त्यांनाही कळलं नसावं. खुर्चीत देवदत्त हलला, डोळे उघडून त्याने दोघींकडे पाहिलं आणि आपण कोण, अशा अर्थाने नम्रपणे मान लववली.

"या," अनुजा वन्संना म्हणाली. "सहालाच या."